सावली बघा, मग खेळायला पळा!

मुलांनो, सुट्टी लागली की घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील!" मुलींना तर जरा जास्तच. पण काळं पडण्यात वाईट ते काय? आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ऊन लागलं की ते जास्त तयार होतं. म्हणजे कातडी स्वतःची छत्रीच उघडते म्हणा ना! मात्र ही छत्री थोडी गळकी असते बरं का. आणि ती उघडावी लागली, याचाच अर्थ आतल्या पेशींना मार बसू लागला आहे.

हा मार देतात अतिनील किरण. ते दिसत नाहीत आणि गरमही लागत नाहीत. इथंच आपण फसतो. महाबळेश्वरला हवा कशी थंडगार! पण जितकं उंच जावं तितके हे किरण वाढतात, दर हजार मीटरला सुमारे १० टक्क्यांनी. गणपतीपुळ्याला वारा छान सुटलेला असतो, पण कोरडी वाळू सुमारे १५ टक्के किरण परत आपल्याच अंगावर फेकते. पातळ ढगांतूनही ते सहज येतात. मग कातडी लाल होते, चुरचुरते, सालं निघतात. आठवडाभरात बरंही वाटतं. पण पेशींना झालेली सगळीच इजा भरून येत नाही. ती वर्षानुवर्षं साठत जाते. पुढे अकाली सुरकुत्या, मोतीबिंदूचा धोका आणि कधी कधी कातडीचा कर्करोगसुद्धा. सावळ्या माणसांना हा कर्करोग बराच कमी होतो, हे खरं. पण उन्हानं भाजते त्यांचीही कातडी.

मग काय, घरात बसायचं? छे! कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते उन्हामुळेच. मैदानात उभं राहून आपली सावली बघा. ती तुमच्यापेक्षा लांब असेल, तर खुशाल खेळा. आखूड असेल, तर झाडाखाली या. मेच्या मध्याला पुण्या-मुंबईत भर दुपारी ती पायाखालीच गडप होते! खुरपणीला जाणाऱ्या बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात, डोकं झाकून घेतात. तसाच सुती सदरा तुम्हीही घाला. टोपी मात्र क्रिकेटची नको, तिच्यात कान आणि मान उघडे राहतात. चहूबाजूंनी काठ असलेली हवी.

पालकहो, क्रीमचा विचार यानंतर. एसपीएफ ३० किंवा अधिक असलेलं, दोन्ही प्रकारचे अतिनील किरण अडवणारं घ्या. दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा लावा. गोरं करणारं क्रीम ते हे नव्हे! सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सावलीतच ठेवा. आणि शाळेच्या क्रीडास्पर्धा सकाळी १० च्या आत उरकाव्यात, असा आग्रह पालकसभेत जरूर धरा. आम्हा शिक्षकांनाही ते हवंच आहे.