सीडी ‘जळेना’, जीव जळतो!

‘सीडी? आणि आजच्या जमान्यात?’ असं म्हणून पान उलटण्याआधी जरा थांबा. घरात कुणाचा एमआरआय निघाला, की आजही कित्येक सेंटर्स रिपोर्टच्या पाकिटात एक चकचकीत डिस्क सरकवतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर तीच लागते. पेन ड्राइव्ह? व्हायरसच्या धास्तीने बऱ्याच हॉस्पिटल्समध्ये तो लावूच देत नाहीत. म्हणजे आली का पंचाईत!

माझी पंचाईत झाली यवतमाळात. आत्याच्या मणक्याचा एमआरआय झालेला आणि डिस्क एकच. ती दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने नागपूरच्या सर्जनकडे जाणार होती. एक कॉपी मला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायची होती. ऑपरेशन करायचं की नाही, हे त्यावरच ठरणार होतं. माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही. शेवटी आत्येभावाचा कॉलेजच्या वेळचा लॅपटॉप माळ्यावरून उतरवला. त्यावर उबुंटू. मूळ डिस्क हार्ड डिस्कवर उतरवली, कोरी डिस्क घातली, ‘बर्न’ दाबलं आणि सत्तर टक्क्यांवर ‘राइट एरर’! आतून आत्याचा आवाज, ‘‘काहून वं, झाली का सीडी?’’

अशा वेळी बहुतेक जण लिनक्सच्या नावाने खडे फोडून मोकळे होतात. पण चोर बऱ्याचदा दुसराच असतो. तो क्रमाने शोधायचा.

ड्राइव्ह दिसतोय का?
टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ ही कमांड द्या. यादीत ‘एसआर०’ दिसला, तर लिनक्सने ड्राइव्ह ओळखलाय. बाहेरून जोडायचा यूएसबी रायटर असेल तर मधला हब काढून थेट लॅपटॉपला लावा. लिहिताना त्याला जास्त वीज लागते. ती कमी पडली की तो मध्येच मान टाकतो.

परवानगी आहे का?
‘परमिशन डिनाइड’ आलं, तर तुमचं युजरनेम ‘सीडीरॉम’ ग्रुपमध्ये आहे का ते पाहा. उबुंटू आणि डेबियनमध्ये ग्रुपचं नाव हेच असतं. नसेल तर त्यात घाला आणि लॉगआउट करून पुन्हा आत या. ‘डिव्हाइस बिझी’ म्हणत असेल तर डिस्क उघडून बसलेली बाकीची प्रोग्रॅम्स बंद करा.

सॉफ्टवेअर बदलून पाहिलं?
ब्रासेरो किंवा के३बी हे नुसतं काउंटर. खरं काम मागच्या खोलीतली छोटी प्रोग्रॅम्स करतात. यॉर्ग शिलिंग यांच्या ‘सीडीरेकॉर्ड’च्या लायसन्सवरून वाजलं आणि २००६ मध्ये डेबियनवाल्यांनी वेगळी चूल मांडली. तिथून आलं ‘वोडिम’. त्याची शेवटची आवृत्ती २०१० ची! म्हणून एकाने जमलं नाही, तर ‘लिबबर्न’वर चालणारं एक्सएफबर्न वापरा. मागची यंत्रणाच बदलते.

डिस्क आणि स्पीड
आमचा चोर इथे सापडला. दोन वेगळी सॉफ्टवेअर्स साधारण एकाच जागी अडली, तेव्हा संशय डिस्कवर गेला. सीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेझर त्यावर खुणा करतो. ऊन आणि उष्णता या थराला मानवत नाही. यवतमाळचा उन्हाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे, आणि ही डिस्क कित्येक वर्षं माळ्यावर भाजत पडलेली! मग दत्त चौकात शोधाशोध. एकेकाळी घरोघरी पोचलेली नोएडाची मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली, तेव्हा कोऱ्या डिस्कसाठी आता थोडं फिरावंच लागतं. नवं पाकीट आणलं, स्पीड २४ वरून १० एक्सवर आणला. शंभर टक्के!

‘सक्सेस’वर भुलू नका
लिहून झालं म्हणजे वाचता येईलच असं नाही. के३बीमध्ये ‘व्हेरिफाय’वर टिक करा, लिहिलेलं सगळं ते पुन्हा वाचून मूळ डेटाशी ताडून पाहतं. एमआरआयच्या डिस्कमधले नुसते फोटो उचलू नका, अख्ख्या डिस्कची कॉपी करा. त्यात ‘डायकॉमडिर’ नावाची सूची असते. ती नसेल तर डॉक्टरांच्या कॉम्प्युटरला काय कुठे आहे ते कळणं अवघड. शेवटी दुसऱ्या एखाद्या मशीनवर डिस्क उघडून बघा. आमची पुण्यात उघडली. डॉक्टरांनी एकेक इमेज निवांत पाहिली आणि म्हणाले, ‘‘आधी सहा आठवडे फिजिओथेरपी, मग ठरवू.’’

तेव्हा घरातल्या एकुलत्या एक रिपोर्टची कॉपी आजच करून ठेवा, आणि ती वाचून बघितल्याशिवाय तिला कॉपी म्हणू नका. फुकट गेलेल्या डिस्क फेकू मात्र नका हं. दोऱ्याला बांधून शेतात टांगल्या, की पाखरं हाकायला मस्त कामाला येतात!