दोन स्वभाव, एक घर

"दोघे एकाच आईच्या पोटचे, पण एक पूर्व तर दुसरा पश्चिम!" असे आपल्या वस्तीतील आया नेहमी म्हणतात. थोरला मोजूनमापून बोलणारा, वेळेवर कामावर जाणारा, विम्याचा हप्ता कधी न चुकविणारा. धाकट्याचा पाय घरात ठरत नाही. जयंतीची तयारी, विहाराची वर्गणी, मोर्चा, कुणाला दवाखान्यात न्यायचे, यातच त्याचा दिवस मावळतो. थोरला म्हणतो, "भाषणांनी चूल पेटत नाही." धाकटा म्हणतो, "नोकरी लागली आणि तू समाजाला विसरलास." मधल्यामध्ये दोघांची समजूत घालता घालता आईचे ताट मात्र निवून जाते.

बंधू-भगिनींनो, अशा घरात चूक कोणाची? माणसांच्या स्वभावांचा विचार आपल्या धम्मपरंपरेने फार पूर्वी केलेला आहे. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ रचला. त्यात राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क असे सहा प्रकारचे स्वभाव सांगितले आहेत. ते ओळखण्याच्या खुणाही घरगुतीच आहेत. रागचरित माणूस केरसुणी नीट धरून सावकाश, एकसारखे झाडतो. द्वेषचरित माणूस ती घट्ट आवळून घाईघाईने खरखर झाडतो आणि दोन्ही बाजूंना वाळू उडवितो. मोहचरिताच्या हातात ती सैल असते, त्यामुळे जागा स्वच्छही होत नाही आणि सारखीही होत नाही. मात्र आचार्य लगेच बजावतात की, या खुणा केवळ गुरूंच्या मतावरून सांगितल्या आहेत, त्या प्रमाण मानू नयेत. आपण मात्र आपल्याच लेकराला "हा जन्माचा आळशी", "ही जन्माची भांडखोर" असा कायमचा शिक्का मारून मोकळे होतो!

याच ग्रंथात समतोलाचाही विचार आहे. श्रद्धा बळकट आणि प्रज्ञा दुबळी असेल तर माणूस अंधश्रद्ध होतो. प्रज्ञा बळकट आणि श्रद्धा दुबळी असेल तर तो लबाडीकडे झुकतो. नुसते वीर्य, म्हणजे उत्साह, असेल तर मन सैरभैर होते. नुसती समाधी, म्हणजे स्थिरता, असेल तर आळस शिरतो. म्हणून या जोड्या समतोल ठेवाव्यात. हा उपदेश साधकाच्या मनासाठी आहे, पण तो घरालाही लागू पडतो. धाकट्याजवळ वीर्य आहे, थोरल्याजवळ स्थिरता आहे. एकाला दुसऱ्यासारखे करण्याचा हट्ट धरला, तर घराचा एक हातच लुळा होतो.

बोधिसत्त्व बाबासाहेबांचे बालपण पाहा. वडील सुभेदार रामजी शिस्तीचे कडक. परीक्षा जवळ आली की पहाटे दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवीत. आई लहानपणीच गेली, तेव्हा माया लावली ती आत्या मीराबाईंनी. दोघांनाही पुढे शिकविण्याची ऐपत नव्हती, म्हणून भाऊ आनंदराव शाळा सोडून कामाला लागले. पुस्तके हवीत म्हणून रामजी विवाहित मुलींच्या दारी उसने पैसे मागायला जात. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यामागे असे निरनिराळ्या स्वभावांचे हात होते. नुसती शिस्त असती तर मूल कोमेजले असते, नुसते लाड असते तर अभ्यास मागे पडला असता.

आता आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकिकत. वर सांगितले तसेच हे दोन भाऊ, वर्षभर अबोला धरलेले. थोरल्याची मुलगी बारावी झाली, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला गेला. थोरल्याने वडिलांचे सर्व दाखले ट्रंकेत तारीखवार लावून ठेवले होते, पण ते १९५० नंतरचे. आजोबांची नोंद गावच्या शाळेत होती आणि थोरल्याला गावात कोणी ओळखत नव्हते. पोरीने कोणाला न विचारता काकाला गाठले. काका तीनदा गावी गेला, हेडमास्तरांना भेटला, जुने रजिस्टर शोधून नोंदीची नक्कल घेऊन आला. एकाची ट्रंक आणि दुसऱ्याची पायपीट, दोन्ही एकत्र आली तेव्हा प्रमाणपत्र हाती पडले. अबोला सुटला. भावांचे स्वभाव आजही तसेच आहेत, पण टोमणे कमी झाले आहेत.

तरी एक प्रश्न उरतोच. त्या वर्षभरात दोघांचे निरोप पोहोचविले कोणी? आईने. पुष्कळ घरांत 'समतोल' म्हणजे एका बाईने सोसायचे, असाच अर्थ घेतला जातो. नवरा तापट, म्हणून बायकोने शांत राहावे. दोन जावा कडक, तर तिसरीने गप्प बसावे. हा समतोल नव्हे, हा अन्याय आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची पत्नीप्रती पाच आणि पत्नीची पतीप्रती पाच कर्तव्ये सांगितली. एकालाच दहा सांगितली नाहीत!

बुद्धघोष म्हणतात, बाकीचे गुण जोडीजोडीने तोलावे लागतात, पण स्मृती, म्हणजे सावधपणा, सर्वत्र हवी, जसे प्रत्येक कालवणात मीठ. मग घरातले हे मीठ एकट्या आईनेच का घालावे? येत्या रविवारी वंदना झाल्यावर सर्वांनी मिळून बसावे. प्रत्येकाने दुसऱ्याचा एक गुण मोठ्याने सांगावा आणि मग आईला विचारावे, "तुझ्यावर कशाचा भार पडतो?" उत्तर ऐकायला थोडे धैर्य लागेल. तेवढे आपल्या घरात निश्चित आहे.

जयभीम!