दिल्लीला कोण गेले आणि काय गेले?

वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, की राजकारणावरचे एक तरी व्याख्यान असतेच. आणि ते संपल्यावर सभागृहाच्या पायऱ्या उतरताना एक प्रश्न हमखास कानी पडतो. मराठी माणूस पंतप्रधान केव्हा होणार? विचारणारे वकील असोत, मास्तर असोत, की आमच्यासारखे हमालांच्या संघटनेत केस पांढरे केलेले कार्यकर्ते असोत, आवाजात थोडा अभिमान आणि थोडी तक्रार असते. आम्हीही हा प्रश्न पुष्कळ वर्षे विचारीत आलो. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. तिथे वाचता वाचता आम्हांला वाटू लागले, की हा प्रश्न अर्धाच आहे. आपल्याकडून दिल्लीला कोण गेले एवढे आपण मोजतो. आपल्याकडून काय गेले, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. तो हिशेब आज मांडून पाहू.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना हा विषय परका नाही. १९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. देवराष्ट्रे गावी जन्मलेले आणि कराडात वाढलेले यशवंतराव चव्हाण, पद्माळ्याचे वसंतदादा पाटील, मूळचे सातारा जिल्ह्यातले बाबासाहेब भोसले, कराडचे पृथ्वीराज चव्हाण, आणि राजकारण ठाण्यात केले तरी गाव जावळीच्या खोऱ्यातले असलेले एकनाथ शिंदे, एवढे मुख्यमंत्री या मातीशी नाते सांगतात. तेव्हा राज्य आणि दिल्ली यांचा संबंध कसा चालतो हे पाहायला आपल्याला लांब जायला नको.

आधी कागद पाहू. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात तीन याद्या आहेत. संरक्षण, परराष्ट्रव्यवहार, रेल्वे केंद्राकडे. पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य राज्याकडे. आणि कामगार, शिक्षण यांसारखे विषय दोघांच्या सामाईक यादीत. सामाईक विषयात राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याच्या आड आला, तर तो टिकण्यास राष्ट्रपतींची संमती लागते. भावाभावांत जमिनीची वाटणी व्हावी, बांध पडावेत, पण विहीर एकच राहावी, तशी ही व्यवस्था आहे. बांधावरून भांडण क्वचित होते. भांडण होते ते पाण्याच्या पाळीवरून. करांचा मोठा भाग केंद्र गोळा करते आणि राज्यांच्या पाळ्या वित्त आयोग सुचवतो. आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष खुद्द यशवंतराव होते. ज्यांनी एके काळी राज्याच्या वतीने पाणी मागितले, त्यांच्यावरच पुढे पाळ्या लावण्याचे काम आले.

परंतु कागदावर नसलेला एक दोर याहून बळकट आहे. तो दोर पक्षाचा. मुख्यमंत्री आमदारांनी निवडावा अशी रीत; प्रत्यक्षात दिल्लीहून निरीक्षक येतात, आमदार एका ओळीचा ठराव करून सर्वाधिकार श्रेष्ठींना देतात, आणि नाव दिल्लीहून येते. ही पद्धत काँग्रेसने रूढ केली. पुढे इतर अखिल भारतीय पक्षांनीही ती आनंदाने उचलली.

आता माणसांकडे वळू. १९५६ च्या १ नोव्हेंबरला यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. द्वैभाषिक दिल्लीला हवे होते, मराठी मुलखाला नको होते. १९५७ च्या निवडणुकीत आपल्या भागाने त्याचे रोखठोक उत्तर दिले: साताऱ्याहून संयुक्त महाराष्ट्र समितीच्या वतीने क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेत गेले, आणि कराडात यशवंतराव जेमतेम निवडून आले. दिल्लीची मर्जी आणि घरची मते यांच्या कात्रीत सापडलेल्या मुख्यमंत्र्याला आपल्या लोकांचा कौल दिल्लीला समजावून सांगावा लागला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. समितीचा रेटा नसता तर यशवंतरावांच्या शब्दाला वजन आले नसते. आणि तो शब्द दिल्लीत पोचवणारा कोणी नसता तर रेट्याला वाट सापडायला आणखी वर्षे लागली असती, असे आमचे मत आहे.

१९६२ साली चीनचे आक्रमण झाले, कृष्ण मेनन पायउतार झाले आणि नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षण खात्यावर बोलावले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा घरोघर बोलले गेले. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती आणि १९७९ साली काही महिने उपपंतप्रधानपद त्यांच्याकडे आले. सर्वांत वरची पायरी मात्र आली नाही. दिल्लीत मोठे होण्यासाठी राज्याची फौज पाठीशी लागते, आणि दिल्लीत राहिले की ती फौज हळूहळू दुसऱ्याची होते. ही अडचण यशवंतरावांपुरती नव्हती; ती या व्यवस्थेतच आहे.

वसंतदादांच्या वाट्याला तिची दुसरी बाजू आली. १९७८ च्या जानेवारीत दिल्लीत काँग्रेस फुटली. पुढच्याच महिन्यात आपल्याकडे विधानसभेची निवडणूक झाली आणि कोणालाच बहुमत मिळाले नाही. मग एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेसनी मिळून सरकार केले. दादा मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. जुलैत शरद पवार बाहेर पडले, सरकार कोसळले आणि पवार मुख्यमंत्री झाले. १९८० च्या जानेवारीत इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या आणि फेब्रुवारीत पवारांचे सरकार बरखास्त झाले. दादा १९८३ साली पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९८५ साली प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांची नेमणूक दिल्लीने केली, ती दादांना मान्य नव्हती. त्यांनी राजीनामा दिला आणि काही महिन्यांनी ते राज्यपाल म्हणून राजस्थानात गेले. १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेल्या माणसालाही हा दोर तोडता आला नाही. उलट, २०१० साली पृथ्वीराज चव्हाण पंतप्रधान कार्यालयातले राज्यमंत्रिपद सोडून मुख्यमंत्री व्हायला मुंबईत आले, तेव्हा ते विधिमंडळाच्या कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, की मग राज्याच्या राजकारणाला अर्थच उरत नाही. आम्हांला तसे वाटत नाही. का, ते सांगण्यापूर्वी एक फेरी कॅनडाची करू. तेही आपल्यासारखे संघराज्य आहे, १८६७ पासूनचे. तिथे प्रांताचे पक्ष आणि देशाचे पक्ष पुष्कळदा नावाने सारखे असले तरी घराने वेगळे असतात, आणि प्रांताचा मुख्यमंत्री ओटावाहून नेमला जात नाही. पण त्याची किंमतही आहे. प्रांताचा मुख्यमंत्री होऊन मग देशाचा पंतप्रधान झाला, असे तिथे आजवर दोनदाच घडले. दोघेही नोव्हा स्कोशियाचे, दोघेही एकोणिसाव्या शतकातले. आपल्याकडे मोरारजी देसाई, चरणसिंग, विश्वनाथ प्रताप सिंग, नरसिंह राव, देवेगौडा आणि नरेंद्र मोदी असे सहा जण त्या वाटेने गेले. मात्र १९६० नंतरच्या महाराष्ट्राचा त्यांत एकही नाही.

त्या कॅनडात सस्कॅचवान नावाचा गव्हाचा प्रांत आहे. १९४४ ते १९६१ टॉमी डग्लस हे धर्मोपदेशकाचे काम केलेले समाजवादी गृहस्थ तिथे मुख्यमंत्री होते. त्यांनी १९४७ पासून प्रांतात सर्वांसाठी रुग्णालयविमा सुरू केला. १९६१ साली कामगार संघटनांच्या साहाय्याने नवा पक्ष निघाला, त्याचे पुढारीपण घेऊन डग्लस देशाच्या राजकारणात उतरले, आणि १९६२ च्या निवडणुकीत स्वतःच्या मतदारसंघातच पडले. त्याच वर्षी १ जुलैला त्यांच्या प्रांतात डॉक्टरच्या खर्चाचाही विमा सुरू झाला. विरोधात डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला, पण सरकार डगमगले नाही. १९६६ साली कॅनडाच्या संसदेने तीच योजना देशासाठी स्वीकारली आणि १९७२ पर्यंत ती सर्व प्रांतांत पोचली. डग्लस पंतप्रधान कधीच झाले नाहीत. त्यांची योजना मात्र प्रत्येक कॅनडावासीयाच्या घरात गेली.

आता परत आपल्या तासगाव तालुक्यात येऊ. वि. स. पागे हे या भागातले गांधीमार्गी कार्यकर्ते. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. मंत्री नव्हते, की दिल्लीतले पुढारी नव्हते. १९६५ च्या सुमारास त्यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यातल्या विसापुरात एक प्रयोग सुरू झाला. जो अंगमेहनत करायला तयार आहे त्याला काम द्यायचे, आणि त्या कामातून गावाची माती नि पाणी सुधारायचे. १९७२ साली वसंतराव नाईकांच्या सरकारने रोजगार हमी योजना म्हणून ती हाती घेतली, तोच दुष्काळ आला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कामासाठी, मजुरीसाठी ठिकठिकाणी मोर्चे निघाले. पैसा कुठून आणायचा, तर १९७५ साली नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, आणि अशा करांतून जमेल तितकीच रक्कम सरकारने आपल्या पदरची घालावी असे ठरले. पगाराच्या चिठ्ठीवर व्यवसाय कराची ओळ पाहून जे कपाळाला आठ्या घालतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की त्या कराचा जन्म दुष्काळी बाईच्या भाकरीसाठी झाला.

१९७७ साली, वसंतदादांच्या कारकिर्दीत, दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला. तो राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेला, आणि २६ जानेवारी १९७९ रोजी, पवार मुख्यमंत्री असताना, अंमलात आला. हे नीट पाहावे. ज्या काळात दिल्लीच्या फुटीने मुंबईतली सरकारे पत्त्यांसारखी कोसळत होती, त्याच काळात हा कायदा एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या माणसांच्या हातांतून शाबूत पार पडला.

आमचे गाव दुष्काळी पट्ट्यातले. आम्ही बारा-तेरा वर्षांचे असताना आमची आई हमीच्या कामावर खडी फोडायला जाई. सुट्टीत आम्हीही पाटी उचलली. एका उन्हाळ्यात सात आठवडे मजुरी आली नाही. हजेरीपटात चूक आहे, एवढेच कचेरीतून सांगत. शेवटी बायकाच उठल्या आणि कचेरीच्या दारात जाऊन बसल्या. साहेब म्हणाले, सरकार उपकार म्हणून काम देते, थोडा दम धरा. तेव्हा आमच्या आईशेजारी बसलेली एक निरक्षर बाई म्हणाली, उपकार नाही साहेब, कायदा आहे. पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही तर भत्ता द्यायचा, बाईला आणि बाप्याला दर एकच, एवढे तिला तोंडपाठ होते. आठवड्यात पैसे आले. आमचे संघटनेचे शिक्षण त्या दारात सुरू झाले. घटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, हे आम्ही पुष्कळ पुढे वाचले.

पुढे २००५ साली संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. २००६ च्या फेब्रुवारीत २०० जिल्ह्यांत आणि २००८ पासून देशाच्या सर्व ग्रामीण भागात तो लागू झाला. विसापूरच्या माळावरची गोष्ट बिहार-ओरिसापर्यंत गेली. जाताना तिचे माप मात्र बदलले. आपल्या कायद्यात दिवसांना मर्यादा नव्हती. दिल्लीने कुटुंबाला वर्षात १०० दिवस ठरवले. अकुशल मजुरीचा खर्च केंद्राने घेतला, हा लाभ. पण ज्याचा पैसा त्याचा शब्द, हेही त्याबरोबर आले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ झाले, पण बहुतेक राज्यांनी खर्चाचा चाळीस टक्के वाटा उचलावा असे ठरले, आणि शेतीच्या हंगामात साठ दिवस काम बंद ठेवण्याची तरतूद आली. विहिरीच्या पाळीचे भांडण ते हेच. खडी फोडणाऱ्या बाईला या पाळ्या ठाऊक नसतात. पाळी चुकली की तिची चूल थंड पडते, एवढेच तिला कळते.

तेव्हा हिशेब असा निघतो. माणूस दिल्लीला गेला की त्याचे बळ दिल्लीच्या मर्जीवर राहते. मर्जी फिरली की तो एकटा परत येतो. लोकांनी इथे राबवून, भांडून, स्वतःच्या खिशातून पैसे भरून सिद्ध केलेली गोष्ट दिल्लीला गेली, की ती सहजी परत पाठवता येत नाही. तिचे नाव बदलेल, माप बदलेल, पण ती मोडायची झाली तर कारण द्यावे लागते. त्यातही राखणीला संघटित माणसे हवीत. नाही तर कायदा फडताळात राहतो आणि हजेरीपट साहेबाच्या टेबलात.

मराठी माणूस पंतप्रधान व्हावा असे आम्हांलाही वाटते. झाला तर आमच्या संघटनेच्या कचेरीतही पेढे वाटू. पण पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारी येईल, तेव्हा दिल्लीत तुमचे वजन किती, एवढेच त्याला विचारून थांबू नये. इथे, या दोन जिल्ह्यांत, असे कोणते काम तुम्ही उभे केले आहे की जे उद्या देशाला घ्यावे लागेल, हेही विचारावे. उत्तर आले नाही, तर तो मुकाट्याने पुढच्या घरी जाईल. पण दहा दारांत हाच प्रश्न ऐकला, की अकराव्या दारी तो उत्तर शोधून येईल.