गवत कापणाऱ्या यंत्राची कैफियत

कोकणात पावसाळा ओसरू लागला आणि आंबा-काजूच्या बागांतून कमरेइतके गवत माजले, की ग्रास कटर दुरुस्त करणाऱ्या लहानशा दुकानापुढे यंत्रांची जी रांग लागते, तिच्यातील बहुतेकांची कैफियत एकच असते : ‘दोरी ओढून हात भरून आले, पण चालू होत नाही.’ यंत्रांची हौस असल्याने अशा दुकानांत बसून जे उमगले, ते येथे नमूद करतो.

अशा यंत्रांतील टू-स्ट्रोक इंजिनात सहसा वंगणाची निराळी सोय नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलच पिस्टनचे रक्षण करते. म्हणून प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिलिलिटर आणि २५:१ असेल तर ४० मिलिलिटर, हा हिशेब यंत्राच्या पुस्तिकेबरहुकूम पाळावा.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील आर्द्रता शोषते आणि महिनोन्महिने टाकीत राहिले तर कार्ब्युरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजतात. सबब हंगाम संपताच टाकी रिकामी करून, उरलेले इंधन जळेपर्यंत यंत्र चालवावे.

जाणता कारागीर प्रथम प्लग काढतो : तो कोरडा असेल तर इंधन पोहोचत नाही, ओला असेल तर ठिणगीचा संशय घ्यावा. मात्र त्याहीपूर्वी तो वहीत तारीख, तक्रार आणि मालकाने मंजूर केलेला खर्च टिपून ठेवतो, कारण दुकानाची अब्रू पान्याइतकीच त्या दप्तरावर अवलंबून असते.

आता निगेबाबत शेवटचा प्रश्न : तुमच्या यंत्राचा एअर फिल्टर शेवटचा केव्हा धुतला होता?