झेडची खोली चुकतेय? सेटिंगला हात लावण्याआधी हे वाचा



सीएनसी राउटर घेतल्यावर पहिली मोठी ऑर्डर मिळाली ती एका सोसायटीची. २४ लाकडी नेमप्लेट. प्रत्येकीत ३ मिमी खोल खाचे मारायचे आणि त्यात ३ मिमीची ॲक्रिलिकची अक्षरं बसवायची. जिग बनवली, झेड झीरो एकदाच घेतला आणि कामाला लागलो. पहिल्या सहा प्लेट एक नंबर निघाल्या. सातवीपासून अक्षरं आत बुडायला लागली.

मी बीबीए केलेला माणूस, मशीन युट्यूब बघून शिकलेलो. वाटलं, सेटिंग बिघडली. कंट्रोलरमध्ये झेडचे स्टेप्स पर मिमी थोडे कमी केले. दोन प्लेट बरोबर आल्या, मग परत खोल! दुसऱ्या दिवशी सकाळी नव्याने झीरो घेतला, तर आता अक्षरं वर उचललेली. म्हणजे आधी एकच बिघाड होता, दुसरा मी स्वतः तयार केला. एकूण ९ प्लेट वाया गेल्या.

शेजारच्या गाळ्यात लेथ चालवणारे काका आले. त्यांनी कॉलेट नट उघडला, आतला भुसा दाखवला आणि म्हणाले, "अरे, टूल खाली सरकतंय. सेटिंगला कशाला हात लावलास?"

तेव्हापासून एक गोष्ट पक्की केली. आधी चूक कशी येतेय ते मोजायचं, मग पाना किंवा माउस हातात घ्यायचा.

मोजायचं कसं?

एक टाकाऊ सपाट तुकडा घ्या. २, ४ आणि ६ मिमी खोलीचे तीन छोटे खाचे मारा. व्हर्नियरच्या मागच्या डेप्थ रॉडने मोजा आणि वहीत लिहा. आकडेच सांगतात रोग कुठे आहे.

१. सगळीकडे सारखाच फरक

२ च्या जागी २.२, ४ च्या जागी ४.२, ६ च्या जागी ६.२ आले? मग अक्ष बरोबर चाललाय, झीरो चुकलाय. प्रोब प्लेट वापरत असाल तर तिची जाडी व्हर्नियरने मोजा आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच आकडा आहे का बघा. कागद लावून झीरो घेत असाल तर कागदाची जाडीही धरा. टूल बदललं आणि झीरो परत घेतला नाही, ही तर आपली सगळ्यांची आवडती चूक!

२. खोलीबरोबर वाढणारा फरक

२ च्या जागी १.६, ४ च्या जागी ३.२, ६ च्या जागी ४.८ आले? इथे स्टेप्स पर मिमी चुकलेत. हिशोब सोपा आहे. साध्या स्टेपर मोटरला एका फेऱ्याला २०० स्टेप्स, ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर असेल तर १६००. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी सरकत असेल तर १६०० भागिले ५, म्हणजे ३२०. दुरुस्तीत कोणी ४ मिमीवाला स्क्रू बसवला, तर आकडा ४०० हवा.

मोजून काढायचं असेल तर झेड २० मिमी हलवा. प्रत्यक्षात १६ मिमीच हलला, तर ३२० गुणिले २० भागिले १६, उत्तर ४००. दोन्ही हिशोब जुळले तरच आकडा बदला. जीआरबीएल कंट्रोलरमध्ये ही सेटिंग डॉलर १०२ वर असते. जुना आकडा आधी लिहून ठेवा.

३. काम पुढे जाईल तसा वाढणारा फरक

माझं दुखणं हेच होतं. सुरुवातीला ३, मग ३.३, मग ३.६. स्पिंडल बंद करून मार्करने दोन खुणा करा. एक टूलच्या दांड्यावर, कॉलेटला चिकटून. दुसरी मोटर शाफ्ट, कपलिंग आणि स्क्रू यांवरून सरळ रेघ. मग जॉब चालवा.

टूलवरची खूण खाली आली, तर टूल सरकतंय. अपकट टूल कापताना स्वतःला खाली ओढतं, म्हणून पकड कमी पडली की ते हळूहळू बाहेर येतं. कॉलेट साफ करा, आधी नटमध्ये बसवा, मग टूल घाला. ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, डोळ्यांना सारखेच दिसतात. कॉलेटवरचा आकडा वाचा.

कपलिंगची रेघ तुटली, तर ग्रब स्क्रू ढिला आहे. दोन्ही खुणा जागेवर असतील, तर मोटर स्टेप्स गाळत असेल. स्पिंडलचं वजन वर उचलताना ताण जास्त येतो. वर जाताना स्टेप्स गळल्या की पुढचा कट खोल जातो. स्क्रू साफ करून ग्रीस लावा, झेडचा वेग आणि ॲक्सेलरेशन कमी करून बघा.

४. जागेनुसार बदलणारा फरक

डावीकडे बरोबर, उजवीकडे खोल? बेड समपातळीत नाही किंवा शीट मधे फुगलंय. खालचा एमडीएफ मशीनवरच फेस करून घ्या, क्लॅम्प वाढवा. आणि १८ मिमी म्हणून आणलेलं प्लाय १८ च असेल असं धरू नका, मोजा.

शेवटी धंद्याचं

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना मी फोन करून खरं सांगितलं, "काका, ९ प्लेट परत करतोय, दोन दिवस द्या." ते थोडे चिडले, पण दिले. लाकूड माझ्या खिशातून गेलं, नफा जवळपास संपला, ऑर्डर मात्र टिकली. बुडालेली अक्षरं तशीच चिकटवून दिली असती, तर ती दारांवर रोज दिसली असती.

आता बॅच कामात दर पाचव्या प्लेटला मी खोली मोजतो. अर्धा मिनिट लागतो. तुम्ही पुढचा जॉब लावण्याआधी तो तीन खाच्यांचा तुकडा मारा, आकडे लिहा आणि मगच पाना उचला.