गुरूंची गुणपत्रिका

चेन्नईच्या दक्षिणेकडील वेलचेरी हे एके काळचे तळ्याकाठचे गाव आज महानगरात पुरते सामावून गेले आहे. पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने १९५९ साली स्थापन झालेल्या मद्रासच्या आयआयटीचे वृक्षाच्छादित आवार या वस्तीला लागूनच आहे, आणि १९७१ साली सुरू झालेले गुरू नानक महाविद्यालय तर वेलचेरीतलेच. अशा ठिकाणी शिकणारा आणि शिकविणारा एकाच जिन्यावर शेजारी म्हणून भेटले, तर त्यात नवल नाही. सत्र संपत आले की मात्र या नात्याला निराळेच वळण लागते. आजवर गुण देणारा अध्यापक आता गुण घेणारा होतो आणि विद्यार्थी त्याचा परीक्षक! वाचकहो, आपल्या घरातील मुलगा वा मुलगी महाविद्यालयात जात असेल, तर असे अभिप्राय-पत्रक एव्हाना तिथेही येऊन पोहोचले असेल.

ही प्रथा वाटते तितकी नवी नव्हे. इटलीतील बोलोन्या येथे मध्ययुगात विद्यार्थ्यांचे संघ उशिरा येणाऱ्या अध्यापकास चक्क दंड करीत. छापील पत्रकाचा मान अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे हर्मन रेमर्स यांच्याकडे जातो. ते १९२७ च्या सुमाराचे. आपल्याकडे १९९४ साली ‘नॅक’ ही मूल्यांकन संस्था स्थापन झाली आणि २०१७ च्या चौकटीत तिने विद्यार्थ्यांचे समाधान-सर्वेक्षण मूल्यांकनात समाविष्ट केले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१९ च्या नियमांत अध्यापकाच्या १०० गुणांपैकी २५ गुण विद्यार्थ्यांच्या अभिप्रायासाठी राखून ठेवले. म्हणजे पत्रकावरील खुणा आता अध्यापकाच्या बढतीपर्यंत जाऊन पोहोचतात.

तेवढा भार त्या पत्रकाला पेलवतो काय? १९७० साली अमेरिकेत एका नटाला ‘डॉक्टर फॉक्स’ म्हणून शास्त्रज्ञाच्या वेषात व्याख्यानास उभे केले होते. त्याच्या बोलण्यात विनोद होते, ऐट होती. अर्थ मात्र जवळजवळ नव्हता. श्रोते सुशिक्षित, वैद्यकीय क्षेत्रातले, तरी त्यांनी त्याला उत्तम अभिप्राय दिले. हार्वर्डमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचीच दुसरी बाजू दिसली. पदार्थविज्ञानाच्या ज्या वर्गात विद्यार्थ्यांना स्वतः डोके चालवावे लागले, तिथे ते अधिक शिकले. परंतु आपण कमी शिकलो, असे त्यांना वाटले.

नॉर्थ कॅरोलिनातील एक प्रयोग याहूनही बोलका आहे. संगणकावरून चालणाऱ्या एका अभ्यासक्रमात एक अध्यापक व एक अध्यापिका यांनी काही तुकड्यांपुरती नावांची अदलाबदल केली. गृहपाठ सर्वांना एकाच वेळी परत मिळत होते. तरीही ‘तत्परता’ या सदरात पुरुषाच्या नावाला पाचांपैकी ४.३५ आणि स्त्रीच्या नावाला ३.५५ गुण मिळाले. तुकड्या लहान होत्या हे खरे; पण घड्याळाने मोजता येणाऱ्या गोष्टीत जर पूर्वग्रह शिरू शकतो, तर ‘विषयावरील प्रभुत्व’ यासारख्या सदराची काय कथा!

म्हणूनच पत्रकाची भाषा बदलू लागली आहे. टोरांटोच्या तत्कालीन रायर्सन विद्यापीठातील वादात २०१८ साली लवादाने निर्णय दिला की, अध्यापनाची परिणामकारकता ठरविण्यासाठी अशा गुणांच्या सरासरीचा उपयोग करू नये. मात्र तास बुडाले का, बोलणे स्पष्ट होते का, हे विद्यार्थ्याइतके कोण सांगणार, हेही त्याने मान्य केले. विद्यार्थी हा उत्तम साक्षीदार आहे. त्याला न्यायाधीश केले की घोटाळा होतो. ‘तत्परता कशी?’ असे विचारण्यापेक्षा ‘वह्या किती दिवसांत परत मिळाल्या?’ असे विचारावे. नॅकच्या प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न, वर्गात अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला, हा याच जातीचा होता, आणि प्रस्तुत लेखकाला तो इतर अनेक प्रश्नांहून मोलाचा वाटतो.

कायम नोकरीतल्या प्राध्यापकाला थोडे कमी गुण मिळाले, तर फार झाले तर बढती लांबते. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर किंवा तमिळनाडूत अतिथी व्याख्याते म्हणून काम करणाऱ्यांना मात्र पुढच्या नेमणुकीचीच चिंता असते. असा माणूस कठीण धडा सोपा करील, की कठीण धडाच गाळील? परीक्षेत कडक राहील, की हात सैल सोडील? नेमणूक कोणाच्या मर्जीवर आहे हे ठाऊक असताना त्याने निर्भयपणे शिकवावे, अशी अपेक्षा तरी कशी करावी?

आणखी एक गोष्ट. सत्राअखेरीच्या अभिप्रायाचा लाभ झालाच तर पुढच्या वर्षीच्या मुलांना होतो. म्हणून काही अध्यापक सत्राच्या मध्यावरच वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटतात. काय समजले नाही आणि काय बदलावे, एवढेच विचारायचे. नाव लिहायचे नाही. त्या चिठ्ठ्या कार्यालयात जात नाहीत. ‘फळ्यावरचे अक्षर मागे दिसत नाही’ असे कोणी लिहिले, तर दुसऱ्या दिवशी अक्षर मोठे झालेले असते.