काँडोर : सुट्टीवर निघालेल्यांची विमान कंपनी

काँडोर ही जर्मनीची विमान कंपनी मुख्यतः सुट्टीवर निघालेल्या प्रवाशांवर चालते. २१ डिसेंबर १९५५ रोजी ‘डॉइचे फ्लुगडीन्स्ट’ या नावाने तिची स्थापना झाली. नॉर्डडॉइचर लॉइड आणि हाम्बुर्ग-अमेरिका लाइन या दोन जहाज कंपन्या, लुफ्तान्सा आणि जर्मन रेल्वे हे तिचे भागीदार होते. ताफ्यात ३६ आसनी तीन व्हिकर्स वायकिंग विमाने होती. पहिले विमान २९ मार्च १९५६ रोजी फ्रँकफुर्टहून निघाले, ते पवित्र भूमीच्या यात्रेकरूंना घेऊन. पुढे काही वर्षांतच इतरांचे हिस्से लुफ्तान्साने विकत घेतले. १९६१ मध्ये ‘काँडोर लुफ्टरेडराय’ ही उद्योगपती रुडॉल्फ ऑगुस्ट ओएटकर यांची कंपनीही ‘डॉइचे फ्लुगडीन्स्ट’कडे आली आणि आजचे नाव पडले.

युद्धोत्तर भरभराटीत जर्मन नोकरदाराच्या हाती पैसा आणि भरपगारी रजा दोन्ही आले. सहल कंपन्या विमानातील आसने घाऊक घेत आणि हॉटेलसह एकच दर लावून ती विकत. ‘चार्टर’ म्हटल्या जाणाऱ्या या पद्धतीत तिकीट खपवण्याची जबाबदारी सहल कंपनीवर असते आणि विमान बहुधा भरलेलेच उडते. मात्र धंदा हंगामी असतो. उन्हाळ्यात मायोर्का आणि ग्रीक बेटांकडे रीघ लागते. हिवाळ्यात मागणी कॅनरी बेटे आणि कॅरिबियनकडे वळते, पण एकूण गर्दी कमीच असते. उन्हाळ्यातील कमाईवर हिवाळा काढावा लागतो.

मागणी वाढली तसा ताफा बदलत गेला. १९६० च्या दशकाच्या मध्यास बोइंग ७२७ ही जेट विमाने आली. १९७१ मध्ये बोइंग ७४७ वापरणारी काँडोर ही जगातील पहिली चार्टर कंपनी ठरली. ‘फ्रिट्झ’ आणि ‘मॅक्स’ अशी तिच्या दोन जंबो विमानांची नावे होती. एवढे मोठे विमान बारमाही भरणे अवघड असते, त्यातच १९७३ च्या तेलसंकटाने इंधन महागले. दशकाच्या अखेरीस जंबोची जागा डीसी-१० ने घेतली. १९८० च्या दशकात गोव्याच्या दाबोळी विमानतळावर युरोपातील चार्टर विमाने येऊ लागली, त्यांत काँडोरचीही होती.

काँडोरची ओळख बनलेले विमान म्हणजे बोइंग ७५७-३००. १९९६ मध्ये या लांबवलेल्या विमानाची पहिली मागणी काँडोरनेच नोंदवली आणि मार्च १९९९ मध्ये पहिले विमान तिच्याच हाती आले. लांबी ५४ मीटरहून अधिक, आसने सुमारे २७५ आणि मधून एकच वाट, त्यामुळे प्रवाशांच्या चढउतारीला वेळ लागे. नियमित सेवा देणाऱ्या कंपन्यांनी या विमानाकडे फारसे लक्ष दिले नाही. बोइंगने अशी ५५ विमानेच बांधली. पण कॅनरी बेटांसारख्या मार्गावर एका फेरीत भरपूर माणसे नेणाऱ्या काँडोरला हे विमान नेमके सोयीचे होते. ते पाव शतकाहून अधिक काळ तिच्या सेवेत राहिले. लांब पल्ल्याचा भार १९९१ पासून बोइंग ७६७ ने उचलला.

मालकीची कहाणी एवढी सरळ नाही. १९९८ मध्ये लुफ्तान्सा आणि दुकानांची साखळी असलेली कारश्टाट यांनी काँडोर व कारश्टाटच्या नेकरमनचा सहल व्यवसाय एकत्र केला. या समूहाने २००१ मध्ये ब्रिटनची सहल कंपनी थॉमस कुक विकत घेऊन तिचेच नाव धारण केले. काही काळ काँडोरच्या विमानांवरही थॉमस कुकचे नाव झळकले. २००४ मध्ये जुने नाव परत आले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी थॉमस कुक बुडाली. काँडोर स्वतः नफ्यात होती, पण उन्हाळ्याचा पैसा मूळ समूहाच्या तिजोरीत अडकला आणि हिवाळा तोंडावर आला. जर्मन केंद्र सरकार आणि हेसन राज्याच्या हमीवर ३८ कोटी युरोचे कर्ज मिळाल्याने तिची उड्डाणे चालू राहिली. पोलंडच्या ‘लॉट’ या विमान कंपनीची मूळ कंपनी तिला विकत घेणार होती, तो व्यवहार २०२० मध्ये करोनाच्या साथीत फिसकटला. २०२१ मध्ये ५१ टक्के हिस्सा ‘अटेस्टर’ या गुंतवणूक कंपनीने घेण्याचे ठरले.

त्यानंतर ताफा झपाट्याने एअरबसकडे वळला. ७६७ च्या जागी ए३३०निओ आले. त्यात ३१० आसने आहेत. छोट्या पल्ल्यासाठी ए३२०निओ आणि ए३२१निओ मिळून ४१ विमानांची मागणी नोंदवली गेली. २०२२ पासून विमानांवर पिवळे, लाल, निळे, हिरवे आणि फिकट तपकिरी असे पाच रंगांचे रुंद पट्टे आहेत. समुद्रकिनाऱ्यावरील छत्र्या आणि टॉवेल यांवरून ही कल्पना घेतली आहे.

एक अडचण मात्र उरली. दूरच्या उड्डाणांसाठी इतर शहरांतून फ्रँकफुर्टला येणारे प्रवासी बऱ्याच अंशी लुफ्तान्साच्या विमानांतून येत, आणि त्यासाठीचा करार लुफ्तान्सानेच मोडायला घेतला. म्हणून २०२५ मध्ये काँडोरने बर्लिन, म्युनिक, पॅरिस, रोम, व्हिएन्ना अशा शहरांना फ्रँकफुर्टहून स्वतःची विमाने सुरू केली. सहल कंपनीच्या घाऊक मागणीवर वाढलेल्या या कंपनीला आता प्रवासीही स्वतःच गोळा करावे लागत आहेत.